स्टेज तीन, ग्रेड सी : हे ठरते कसे?

प्रश्न : स. न. वि. वि. माझे वय ५२ असून शाहूपुरीत माझा गुळाचा व्यापार आहे. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यातला एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.२ आला. २०१२ मध्ये एका दवाखान्यात मला ‘क्रॉनिक पेरिओडॉन्टायटिस’ (हिरड्यांचा आणि दातांभोवतीच्या हाडाचा जुनाट आजार) असे लिहून दिले होते. आमचे नेहमीचे डॉक्टर त्याला ‘पायोरिया’ म्हणतात आणि दर दिवाळीला दात साफ करून देतात. यंदा हिरड्यांच्या तज्ज्ञांना दाखवले तर त्यांनी कागदावर ‘स्टेज ३, ग्रेड सी’ लिहिले. त्यांच्या तपासणीत सगळ्यांत खोल जागा ७ मि.मी., आधार सुटल्याचे माप ६ मि.मी. आणि एक्स-रेवर हाडाची झीज ४० टक्के, अशी नोंद आहे. माझे तीन दात गेले आहेत. दोन हलून पडले आणि खालची एक दाढ किडीने तुटली. त्या दाढेच्या जागी २०१८ मध्ये इम्प्लान्ट (हाडात स्क्रूसारखे बसणारे कृत्रिम मूळ) बसवला. तो जरासुद्धा हलत नाही, पण ब्रश करताना तिथून रक्त येते. एक डॉक्टर म्हणतात तो काढावा लागेल, दुसरे म्हणतात आधी एक्स-रे काढू. माझा आजार तीनदा बदलला की काय? आणि विश्वास कोणावर ठेवायचा? जाता जाता, माझी पत्नी मशेरी लावते. तिच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, पण पुढचे दात लांब दिसू लागले आहेत. तिलाही दाखवायला हवे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात मापे दिलेली आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. बहुतेक पत्रांत ‘हिरड्या खराब आहेत असे सांगितले’ यापलीकडे काही नसते आणि मग उत्तरही तितकेच मोघम द्यावे लागते. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, ही मर्यादा धरूनच पुढचे लिहितो. मात्र आपल्या कागदावरचे शब्द कोणत्या हिशोबाने आले, हे या मापांवरून नक्की सांगता येईल.

आपला आजार तीनदा बदललेला नाही. ‘पायोरिया’ हे आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे जुने नाव आहे. हिरडीतून पू येण्यापासून दात हलण्यापर्यंत सगळे त्यात येते, त्यामुळे त्यावरून आजार किती पुढे गेला आहे हे कळत नाही. ‘क्रॉनिक’ हा शब्द १९९९ च्या वर्गीकरणातला आहे. त्या वेळी सावकाश वाढणाऱ्या आजाराला ‘क्रॉनिक’ आणि झपाट्याने वाढणाऱ्या, बहुधा तरुण वयात दिसणाऱ्या आजाराला ‘अॅग्रेसिव्ह’ म्हणत. प्रत्यक्षात या दोहोंमधली सीमारेषा कोणालाच नीट आखता येईना. एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञ दोन नावे देत. अखेर अमेरिकन अकॅडमी ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी आणि युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी या दोन संस्थांनी २०१७ च्या नोव्हेंबरात शिकागो येथे तज्ज्ञांची परिषद भरवली आणि २०१८ मध्ये नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात ही दोन्ही नावे काढून टाकून ‘पेरिओडॉन्टायटिस’ हा एकच आजार मानला गेला आणि त्याला स्टेज व ग्रेड अशा दोन मोजपट्ट्या जोडल्या. इम्प्लान्टभोवतीच्या आजारांच्या व्याख्याही या वर्गीकरणात पहिल्यांदाच सामावल्या गेल्या. तेव्हा २०१२ चा कागद त्या काळाच्या नियमाने बरोबर होता आणि यंदाचा आजच्या नियमाने बरोबर आहे.

या दोन मोजपट्ट्यांतला फरक कोल्हापूरकरांना समजावून सांगणे सोपे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. पण पावसाळ्यात नुसती पातळी ऐकून कोणाचे समाधान होत नाही, पाणी कोणत्या वेगाने चढते आहे हेही लगेच विचारले जाते. स्टेज म्हणजे आजवर झालेल्या नुकसानीची पातळी, आणि ग्रेड म्हणजे ते नुकसान वाढण्याचा वेग.

आधी स्टेज पाहू. तपासताना डॉक्टर प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई हलकेच घालतात. हिरडीच्या काठापासून सळई जितकी आत जाते ती खिशाची, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधल्या पोकळीची, खोली. पण स्टेज ठरवताना खरे महत्त्व असते ते आधार सुटल्याच्या मापाला, म्हणजे दाताचा वरचा भाग आणि मूळ जिथे जुळतात त्या रेषेपासून खिशाच्या तळापर्यंतच्या अंतराला. हिरडी ३ मि.मी. खाली सरकलेली असेल आणि खिसाही ३ मि.मी.च असेल, तर वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते, कारण ३ मि.मी.पर्यंतची खोली निरोगी हिरडीतही असते. प्रत्यक्षात त्या दाताचा ६ मि.मी. आधार गेलेला असतो. दोन दातांमधल्या फटीत, सर्वांत वाईट जागी, हे माप १ ते २ मि.मी. असले तर पहिली स्टेज, ३ ते ४ असले तर दुसरी आणि ५ किंवा त्याहून अधिक असले तर तिसरी किंवा चौथी. एक्स-रेवरची झीज मुळाच्या लांबीच्या प्रमाणात मोजतात. १५ टक्क्यांच्या आत पहिली स्टेज, १५ ते ३३ टक्के दुसरी, आणि झीज मुळाच्या मधल्या तिसऱ्या भागात पोहोचली की तिसरी वा चौथी. आपले ६ मि.मी. आणि ४० टक्के हे दोन्ही आकडे तिकडेच बोट दाखवतात, आणि ७ मि.मी. खोल खिसाही त्याला दुजोराच देतो.

मग तिसरी की चौथी? इथे गेलेल्या दातांची मोजणी होते, पण फक्त हिरड्यांच्या आजाराने गेलेल्या दातांची. किडीने तुटलेली आपली दाढ यात धरायची नाही. उरतात दोन, आणि चारपर्यंत संख्या असेल तर तिसरी स्टेज. पाच किंवा जास्त दात याच आजाराने गेले असते, पुढचे दात पंख्यासारखे पसरले असते, चावाच कोसळला असता किंवा एकमेकांवर टेकणाऱ्या दातांच्या दहा जोड्याही शिल्लक नसत्या, तर चौथी म्हणावी लागली असती. त्या अवस्थेत हिरड्यांवरच्या उपचारांबरोबर चघळण्याची सगळी व्यवस्थाच नव्याने बांधावी लागते. आपण तिथवर गेलेला नाही.

आता ग्रेड. मला स्वतःला या वर्गीकरणातला हा भाग सर्वांत उपयोगाचा वाटतो आणि आपल्याकडे दवाखान्यांत तोच सर्वांत जास्त वगळला जातो. वेग मोजण्याचा उत्तम मार्ग म्हणजे जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवणे. पाच वर्षांत काहीच झीज नसेल तर ग्रेड ए, २ मि.मी.पेक्षा कमी असेल तर बी, आणि २ किंवा अधिक असेल तर सी. जुना एक्स-रे नसेल तर सर्वांत वाईट जागेच्या झिजेची टक्केवारी वयाने भागायची. आपल्या बाबतीत ४० भागिले ५२, म्हणजे सुमारे ०.७७. पाव ते एक यांच्यामधला आकडा बी मध्ये बसतो. म्हणजे केवळ हाडाकडे पाहिले तर आपली ग्रेड बी आहे. तिची सी झाली ती एचबीए१सीमुळे. मधुमेह असून हा आकडा ७ च्या आत असेल तर ग्रेड बी मानतात, ७ किंवा वर असेल तर सी. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेट ओढणाऱ्यालाही असेच सी मध्ये टाकले जाते. आपण तंबाखूबद्दल काही लिहिलेले नाही, म्हणून ती बाजू सोडून देतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. आपल्या कागदावरच्या ‘३’ या आकड्यात उपचारांनी सहसा फरक पडत नाही, कारण गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही. आजार पूर्ण आटोक्यात आला तरी ‘तिसऱ्या स्टेजचा, सध्या स्थिर’ अशीच नोंद जन्मभर राहते. ‘सी’ हे अक्षर मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. साखर ताब्यात आली तर पुढच्या तपासणीत ग्रेडचा फेरविचार करता येतो. साखर आणि हिरड्या यांचा संबंध दुहेरी आहे, साखर चढली की हिरड्यांची सूज वाढते, आणि हिरड्यांची सूज कमी झाली की एचबीए१सीही थोडा उतरतो. म्हणून हिरड्यांचा हा कागद आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांनाही दाखवावा. तो आपण तिकडे नेला असेल असे मला पत्रावरून तरी वाटत नाही.

दर दिवाळीच्या सफाईबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी केले ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. हिरडीच्या वरचे किटण काढल्याने दात स्वच्छ दिसतात, ७ मि.मी. खोल खिशाच्या तळाशी, मुळाला चिकटलेला थर तसाच राहतो. तिसऱ्या स्टेजच्या रुग्णाला हिरडीखालची, मुळांच्या पृष्ठभागाची खोल सफाई लागते, गरज पडल्यास सुन्न करून, आणि त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी तीच सगळी मापे पुन्हा घ्यावी लागतात. त्या वेळी ६ मि.मी. किंवा अधिक खोल जागा उरल्या तरच शस्त्रक्रियेचा विचार. हा क्रम युरोपियन फेडरेशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. जो कोणी पहिल्याच भेटीत ‘फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून करायची शस्त्रक्रिया) करून टाकू’ म्हणेल त्याला, आधीची मापे आणि नंतरची मापे कुठे आहेत, असे आपण नम्रपणे विचारावे.

आता इम्प्लान्ट. इथे आपल्या दोन डॉक्टरांत मतभेद आहे आणि माझे मत दुसऱ्यांच्या बाजूने आहे, तेही एका अटीवर.

इम्प्लान्ट हलत नाही, याला आपण दिलाशाची गोष्ट मानत असाल तर ती तशी नाही. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, म्हणून आधार कमी होत गेला की दात हळूहळू हलू लागतो. टायटेनियमचा इम्प्लान्ट हाडाला थेट जखडलेला असतो. वरचे अर्धे हाड गेले तरी खालचे अर्धे त्याला घट्ट धरून ठेवते. तो हलायला लागतो तेव्हा हाडाशी असलेली त्याची पकडच संपलेली असते, आणि मग तो काढण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून इम्प्लान्टच्या बाबतीत हलण्याची वाट पाहायची नसते, रक्ताकडे पाहायचे असते.

इम्प्लान्टभोवतीच्या आजाराचे दोन टप्पे मानले जातात. पहिला म्यूकोसायटिस, यात भोवतालची हिरडी सुजते आणि सळई हलकेच फिरवली की रक्त येते, पण हाड शाबूत असते. हा टप्पा नीट सफाईने परतवता येतो, मात्र सूज पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात. दुसरा पेरी-इम्प्लान्टायटिस, यात सुजेबरोबर हाडही जाऊ लागते. इम्प्लान्टभोवतीची ही झीज दाताच्या मानाने लवकर वाढते आणि तिचा वेगही एकसारखा राहत नाही, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ हे इथे चालत नाही. नुसते डोळ्यांनी पाहून किंवा ब्रशवरच्या रक्तावरून हे दोन टप्पे वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी एक्स-रे लागतो आणि सळईही लागते. सळईने इम्प्लान्टला इजा होईल या भीतीने काही दवाखान्यांत तिथे मापच घेत नाहीत. साधारण २५ ग्रॅम वजनाइतक्या हलक्या दाबाने घेतलेले माप सुरक्षित आहे आणि ते घेतलेच पाहिजे, असे २०१७ च्या परिषदेनेही सांगितले आहे.

माझी अट अशी की केवळ आजचा एक्स-रे काढून भागणार नाही. इम्प्लान्ट बसवल्यावर सुरुवातीला हाड थोडेसे खाली बसतेच, तो आजार नव्हे. म्हणून तुलना करायची ती इम्प्लान्टवर कॅप, म्हणजे वरचा कृत्रिम दात, बसवून झाल्यावर काढलेल्या एक्स-रेशी. २०१८ चा तो एक्स-रे ज्यांनी इम्प्लान्ट बसवला त्यांच्याकडून मागून घ्यावा. आजकाल तो संगणकात जपलेला असतो. त्याच वेळी इम्प्लान्टच्या पाकिटावरचे लेबलही मागावे, त्यावर कंपनी, व्यास आणि लांबी छापलेली असते. हे लेबल क्षुल्लक वाटते, पण इम्प्लान्टची खरी लांबी कळली की एक्स-रेवरच्या चित्राशी तिचे प्रमाण लावून हाड किती मि.मी. खाली आहे हे काढता येते. नाहीतर ‘दोन आटे उघडे दिसतात’ एवढेच हाती राहते, आणि आट्यांमधले अंतर प्रत्येक कंपनीचे वेगळे असते.

जुना एक्स-रे मिळालाच नाही तर आजच्या घटकेच्या तीन खुणा एकत्र पाहतात : हलक्या दाबाने रक्त किंवा पू येणे, ६ मि.मी. किंवा अधिक खोली, आणि इम्प्लान्टचा जो भाग हाडात असायला हवा त्याच्या वरच्या टोकापासून हाड ३ मि.मी. किंवा अधिक खाली असणे. तिन्ही असतील तर पेरी-इम्प्लान्टायटिस. आपल्या पत्रात फक्त पहिल्या खुणेचा उल्लेख आहे. एवढ्यावर ‘काढावा लागेल’ म्हणणे मला घाईचे वाटते. उलट ‘काही नाही, फक्त सूज आहे’ असेही मी म्हणणार नाही, कारण धोका वाढवणारे एक मोठे कारण आपल्या तोंडात आधीपासून आहे : ज्याला पेरिओडॉन्टायटिस झालेला आहे त्याच्या इम्प्लान्टला हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. २०१२ मध्ये निदान झाले होते आणि २०१८ मध्ये इम्प्लान्ट बसवला. मधल्या काळात हिरड्या स्थिर केल्या होत्या का, हे आपण लिहिलेले नाही. केल्या नसतील तर आता तरी दोन्ही उपचार एकत्रच व्हायला हवेत. शेजारच्या दातांचे ७ मि.मी. खिसे तसेच ठेवून एकट्या इम्प्लान्टची सफाई करण्यात अर्थ नाही.

आणखी एक तपासून घ्यावे. कॅप सिमेंटने चिकटवली असेल तर हिरडीखाली सांडून राहिलेला सिमेंटचा कण वर्षानुवर्षे सूज टिकवू शकतो. कॅपचा आकार फुगीर असेल तर तिच्या खाली ब्रशच पोहोचत नाही. पहिल्या प्रकारात सिमेंट काढून, दुसऱ्यात कॅपचा आकार बदलून बराच फरक पडतो, आणि दोन्हींसाठी इम्प्लान्टला हात लावावा लागत नाही. दातांमधल्या फटींत घालायचा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. त्याचा कोणता आकार आपल्या फटींना बसतो ते डॉक्टरांकडून आरशासमोर एकदा शिकून घ्यावे.

आपण ‘विश्वास कोणावर’ असे विचारले आहे. जे डॉक्टर मापांचा पूर्ण तक्ता हातात देतील आणि तीन महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा भरतील, त्यांच्याकडे उपचार घ्यावेत, मग ते आपले नेहमीचे असोत वा नवे. तिसरे मत हवेच असेल तर नवे पारगावच्या दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी जाता येईल. दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. २०१२ च्या कागदाबरोबर ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा मोठा एक्स-रे, काढला असेल तर तो घरातल्या कपाटात आधी शोधावा. त्यावरची मापे तंतोतंत धरता येत नाहीत, तरीही वयाने भागून काढलेल्या आकड्यापेक्षा तो वेगाचा चांगला पुरावा आहे. कदाचित त्यावरून असेही दिसेल की तेव्हाच बहुतेक झीज झालेली होती आणि नंतर फारशी वाढलेली नाही.

आपल्या पत्नीच्या बाबतीत मात्र मी वाट पाहायला सांगणार नाही. रक्त येत नाही म्हणून हिरड्या चांगल्या, हा निष्कर्ष तंबाखूच्या वापरात धरता येत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर आजार असूनही रक्त कमी येते हे चांगलेच ठाऊक आहे. ग्रेडच्या तक्त्यात सिगारेटी मोजल्या आहेत, मशेरीचा त्यात उल्लेख नाही, कारण तो तक्ता आपल्या गावांकडे पाहून केलेला नाही. जळका तंबाखू रोज बोटाने हिरडीवर घासला की बाहेरच्या बाजूने हिरडी मागे सरकते आणि दात लांब दिसतात. ही झीज फक्त समोरच्या बाजूची असेल आणि दातांमधल्या फटी शाबूत असतील, तर तिला पेरिओडॉन्टायटिस म्हणायचे की नाही हे मापांवरूनच ठरेल. त्याच भेटीत डॉक्टरांना ओठाच्या आणि गालाच्या आतली बाजू, जिथे मशेरी साठून राहते तो भाग, नीट उजेडात पाहायला सांगावे. तिथे पांढरा चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरलेले तोंडातले कोणतेही व्रण असले, तर हिरड्यांची मापे नंतर घेतली तरी चालतील. त्या चट्ट्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.